एसओपी वेगळं, रिसर्च प्रपोजल वेगळं: इतिहासाच्या एम.ए.साठी परदेशी अर्ज करताना

परदेशात इतिहासाचं एम.ए. करायचं, तेही शिष्यवृत्तीवर, असं ठरलं की नागपूरच्या कॉलेजांतून पहिली विचारणा होते ती एसओपीची, म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'ची. बहुतेकांकडे एकच वर्ड फाइल असते. एसओपी मागितलं की ती, रिसर्च प्रपोजल मागितलं तरी तीच, फक्त मथळा बदललेला. वाचणाऱ्या प्राध्यापकांना हे दुसऱ्या परिच्छेदातच कळतं.

एसओपी तुमच्याबद्दल असतं: आजवर काय वाचलं-लिहिलं, याच विभागात का यायचं, पुढे काय करणार. प्रपोजल प्रश्नाबद्दल असतं: नेमकं काय शोधायचंय, त्यावर आधी कोणी काय म्हटलंय, कागदपत्रं कुठे आहेत आणि ती कशी वाचणार. तपासायची सोपी रीत अशी की प्रपोजलमधून 'मी' आणि कॉलेजचं नाव खोडून बघा. मजकूर तरीही उभा राहिला पाहिजे. एसओपीतून तेच खोडलं तर मागे काही उरता कामा नये.

समजा विषय आहे 1923 चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह. 'झेंडा सत्याग्रहाचा सखोल अभ्यास' हे प्रपोजल नव्हे, हे पुस्तकाच्या पाठीवरचं वाक्य झालं. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या स्वयंसेवकांना पोलीस अडवत, अटक करत. देशाच्या निरनिराळ्या भागांतून नवे जथ्थे येत राहिले. आता प्रश्न असा घालता येतो: जथ्थे बाहेरून येत होते, तर खुद्द शहरातले लोक यात कितपत आणि कोणत्या मार्गाने उतरले? हा प्रश्न काही महिन्यांचा आणि एका शहरापुरता आहे, म्हणून एम.ए.च्या प्रबंधात मावतो. ब्रिटनच्या एक वर्षाच्या एम.ए.त प्रबंध साधारण 15,000 शब्दांचा असतो. 'भोसलेकाळापासून 1956 पर्यंतचं नागपूर' त्यात कोंबायला गेलात, तर अर्जदाराला कामाचा अंदाज नाही एवढंच सिद्ध होतं.

प्रश्नानंतर साधनं, आणि खरी झाडाझडती इथेच होते. 'प्राथमिक व दुय्यम साधनांचा वापर केला जाईल' हे वाक्य सरळ कापा. त्या जागी सांगा: दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या गृह विभागाच्या राजकीय फायली, 1911 पासून नागपुरातून निघणाऱ्या 'हितवाद'चे त्या वर्षाचे अंक, मराठी वर्तमानपत्रं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर पुष्कळ फायली घरबसल्या दिसतात, तेव्हा आधी तिथे शोध घ्या आणि एका तरी फायलीचा क्रमांक प्रपोजलमध्ये द्या. साधनाची मर्यादाही लिहा. पोलिसी फाइल अटक झालेल्याचं नाव ठेवते, रस्त्याच्या कडेला उभं राहून घोषणा देणाऱ्याचं ठेवत नाही. हे एक वाक्य पानभर सिद्धान्तापेक्षा जास्त बोलतं.

एसओपीत हाच विषय दोन-तीन ओळींत येतो, आणि तुमच्या अंगाने येतो. 'लहानपणापासून इतिहासाची आवड, आजोबा शिवरायांच्या गोष्टी सांगत' ही सुरुवात निवड समितीने इतकी वाचलेली असते की डोळे पुढे सरकतात. त्यापेक्षा: 'बी.ए.च्या निबंधासाठी एकाच दिवसाच्या अटकेचे आकडे वर्तमानपत्रात आणि सरकारी कागदात पाहिले, ते जुळेनात. सरकारी कागद कसा तयार होतो हे तेव्हापासून शिकायचंय.' अर्थात, हे खरोखर केलेलं असेल तरच लिहा. मग त्या विभागातल्या एक-दोन अध्यापकांची नावं आणि त्यांच्या कामाशी तुमचा धागा कुठे जुळतो ते. कॅनडात एम.ए.चा निधी बऱ्याचदा टीचिंग असिस्टंटशिपमधून (शिकवण्यात मदत करण्याच्या पगारी कामातून) येतो आणि अनेक विभागांत मार्गदर्शक आधी राजी असावा लागतो; तिथे हा परिच्छेद फार जपून लिहावा.

मोडीचं उदाहरण घ्या. पुराभिलेख संचालनालयाचा मोडी वर्ग केला असेल तर एसओपीत जरूर सांगा. प्रपोजलमध्ये मात्र मोडी तेव्हाच आणा, जेव्हा कागद मोडीत आहेत. भोसल्यांच्या दप्तरासाठी ती हवीच. 1923 च्या इंग्रजी पोलीस अहवालांसाठी तिचा काय उपयोग?

घरची आर्थिक अडचण या दोन्हींत घालू नका. तिच्यासाठी शिष्यवृत्तीच्या अर्जात वेगळा रकाना असतो.

शब्दमर्यादा विद्यापीठागणिक बदलते. बऱ्याच ठिकाणी दोन्ही 500 ते 1,000 शब्दांत बसवावी लागतात, आणि काही विभाग दोन्ही मिळून एकच निवेदन मागतात. तेव्हा निम्म्याहून जास्त जागा प्रश्नाला आणि साधनांना द्यावी, असं आमचं मत. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना प्रपोजल महिनाभर आधी दाखवा, नाहीतर पत्रात 'मेहनती व प्रामाणिक विद्यार्थी' यापलीकडे काही येत नाही.

पैसा देणारा कोण, यावरही बरंच ठरतं. ब्रिटन सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती प्रपोजल मागतच नाही. तिथले निबंध नेतृत्व, संपर्क आणि पुढची कारकीर्द यांवर असतात. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला आधी विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो, म्हणजे विद्यापीठाला पाठवलेला मजकूरच तिथवर नेतो. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपची गोष्ट निराळी: 2022-23 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. त्या योजनेवर भिस्त असेल तर चालू वर्षाच्या सूचनांतलं ते कलम आधी वाचा आणि झेंडा सत्याग्रहाला हात नंतर घाला.