सागरी मासेमारी कायदा व संसदीय चर्चा (भारत)

भारताच्या समुद्रात कोणी, कुठे, कोणत्या जाळ्याने आणि वर्षातील कोणत्या काळात मासे पकडावेत हे ठरवणारे कायदे, नियम व आदेश यांना मिळून सागरी मासेमारी कायदा म्हणता येईल. या विषयावर एकच सर्वसमावेशक केंद्रीय कायदा नाही. १२ सागरी मैलांच्या (सुमारे २२ किमी) आतला समुद्र राज्यांच्या कायद्याखाली येतो आणि त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचा (सुमारे ३७० किमी) केंद्राच्या. संसदेत या विषयावर जे वाद होतात त्यांतले बहुतेक या सीमारेषेपाशी येऊन पोहोचतात.

ही विभागणी राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतून आली आहे. राज्य सूचीतील २१ वी नोंद मत्स्यव्यवसायाची आहे, तर संघ सूचीतील ५७ वी नोंद प्रादेशिक समुद्राबाहेरील (१२ मैलांपलीकडील) मासेमारीची. त्यात अनुच्छेद २९७ नुसार अनन्य आर्थिक क्षेत्रातील, म्हणजे २०० मैलांपर्यंतच्या पट्ट्यातील, साधनसंपत्ती केंद्राकडे निहित आहे. क्षेत्रांच्या मर्यादा १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याने ठरवल्या. हे १२ मैल किनाऱ्यावरच्या वाळूपासून नव्हे, तर शासनाने अधिसूचित केलेल्या आधाररेषेपासून मोजले जातात. किनारा दंतुर असेल किंवा समोर बेटे असतील तिथे ही रेषा किनाऱ्यापासून बरीच आत समुद्रात असू शकते. त्यामुळे ‘बंदरापासून इतके मैल’ असा हिशेब मांडणारा युक्तिवाद सभागृहातही फसतो आणि सुनावणीतही.

राज्यांच्या कायद्यांची सुरुवात यांत्रिक ट्रॉलर (पाण्यातून जाळे ओढत नेणाऱ्या नौका) आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातील संघर्षातून झाली. १९७० च्या दशकात किनाऱ्यालगत ट्रॉलरची संख्या वाढली, लहान होड्यांची जाळी तुटू लागली आणि अनेक ठिकाणी हाणामाऱ्या झाल्या. केंद्राने नेमलेल्या मजुमदार समितीच्या कामातून आदर्श विधेयकाचा मसुदा तयार होऊन राज्यांकडे गेला. त्याच्या आधारे केरळ व गोव्याने १९८० मध्ये, महाराष्ट्राने १९८१ मध्ये आणि तमिळनाडूने १९८३ मध्ये कायदे केले. सगळ्यांचा सांगाडा जवळपास सारखा आहे: नौकेची नोंदणी व परवाना, यांत्रिक नौकांसाठी वर्ज्य पट्टा, जाळ्याच्या आसाची (छिद्राची) किमान मापे, बंदीचा काळ आणि दंड. वर्ज्य पट्टा काही राज्ये किनाऱ्यापासूनच्या अंतरावर ठरवतात, महाराष्ट्र मात्र पाण्याच्या खोलीवर, म्हणजे वावांत. एक वाव म्हणजे सुमारे १.८३ मीटर. माशांच्या दृष्टीने खोलीचे माप अधिक योग्य आहे. पुरावा देणे मात्र त्याने अवघड होते, कारण खोली भरती-ओहोटीनुसार बदलते आणि गस्तीनौकेने त्या क्षणी ती नोंदवलेली असावी लागते.

महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीशी जोडला होता आणि निवाडा तहसीलदाराकडे होता. दोन्ही गोष्टी व्यवहारात लंगड्या पडल्या. मासळीची किंमत कमी दाखवली की दंडही घटे, आणि महसुली कामांनी वेढलेल्या तहसीलदाराकडे प्रकरणे रेंगाळत. २०२१ च्या दुरुस्तीने निवाड्याचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे दिले आणि दंडाच्या ठरावीक रकमा घातल्या. विनापरवाना पर्ससीन (थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या) मासेमारीला १ ते ६ लाख रुपये, एलईडी दिव्यांच्या प्रकाशाने मासे खेचून केलेल्या मासेमारीला ५ ते २० लाख रुपये. जप्त मासळी नाशवंत असल्याने तिचा लगेच लिलाव करावा लागतो. पंचनाम्यात स्थान, वेळ, जाळ्याचा प्रकार आणि मासळीचे वजन नीट नोंदलेले नसले, तर प्रकरण तिथेच कमकुवत होते. कडक दंडाची घोषणा सभागृहात टाळ्या मिळवते. खरा कस लागतो तो या पंचनाम्यात.

पर्ससीनचा प्रश्न सीमारेषेची अडचण सर्वांत स्पष्ट दाखवतो. तरंगत्या थव्याभोवती मोठे जाळे फिरवून त्याचा तळ दोरीने आवळला की बांगडा, तारली यांचा अख्खा थवा एका फेरीत हाती येतो. महाराष्ट्राने सोमवंशी समितीच्या अहवालानंतर, फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या जलधीत पर्ससीनवर कडक मर्यादा घातल्या. परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत आणायची आणि मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर इतकीच ठेवायची असे ठरले. पण १२ मैलांपलीकडे राज्याचा आदेश चालत नाही. नौका मात्र राज्याच्याच बंदरातून निघते आणि मासळीही तिथेच उतरते. बाहेर पकडली की आत, हे ठरवायला सतत स्थान नोंदवणारे यंत्र नौकेवर हवे आणि ते चालू राहायला हवे. तमिळनाडूच्या अशाच वादात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन, १२ मैलांबाहेर फक्त सोमवारी व गुरुवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळेत पर्ससीनला परवानगी दिली. त्याआधी केरळच्या प्रकरणांत न्यायालयाने पारंपरिक मच्छीमारांच्या बाजूने राज्याच्या जलधीतील बंदी वैध ठरवली होती.

केंद्राच्या धोरणावरचा सर्वांत मोठा राजकीय संघर्ष १९९१ च्या खोल समुद्र मासेमारी धोरणावरून झाला. त्यात परदेशी कंपन्यांबरोबरच्या संयुक्त प्रकल्पांना वाट मोकळी केली होती. यामागे आंतरराष्ट्रीय समुद्र कायद्याचा एक धागा आहे. किनारी देशाने आपल्या क्षेत्रातील अनुज्ञेय पकड ठरवायची, आणि ती सगळी पकडण्याची स्वतःची क्षमता नसेल तर उरलेला साठा करारान्वये इतरांना खुला करायचा. मच्छीमार संघटनांचा आक्षेप असा, की ‘उरलेला साठा’ कागदावर दाखवला जातो आणि परदेशी जहाजे प्रत्यक्षात स्थानिक नौकांच्याच मासेमारी क्षेत्रात उतरतात. १९९४ च्या देशव्यापी संपानंतर मुरारी समिती नेमली गेली. तिने १९९६ मध्ये २१ शिफारशी केल्या. त्यांत संयुक्त प्रकल्पांचे परवाने रद्द करण्याची शिफारस मुख्य होती. पुढे मीनाकुमारी समितीने २०१४ मध्ये २०० ते ५०० मीटर खोलीचा राखीव पट्टा सुचवला, तेव्हा तोच वाद पुन्हा पेटला. खोल समुद्रातील मासेमारीसाठी केंद्र देत असलेल्या परवानगीपत्रांची योजना अखेर २०१७ मध्ये गुंडाळली गेली.

परदेशी नौकांसाठी १९८१ पासून स्वतंत्र कायदा आहे. भारतीय नौकांसाठी अनन्य आर्थिक क्षेत्रात तसा कायदा कधी झालाच नाही. २००९ आणि २०१९ मध्ये मसुदे निघाले. २०२१ चे भारतीय सागरी मत्स्यव्यवसाय विधेयक पावसाळी अधिवेशनाच्या कामकाजाच्या यादीत होते, पण ते मांडले गेले नाही. परवान्याची सक्ती, शुल्क, दंड आणि तटरक्षक दलाला मिळणारे अधिकार यांवर मच्छीमारांनी आंदोलने केली आणि तमिळनाडूसारख्या राज्यांनी विरोध नोंदवला. लहान नौका माशांमागे १२ मैल सहज ओलांडते; तिला एका दिवसात दोन कायद्यांखाली यावे लागेल, ही त्यांची भीती रास्त होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वेगळा मार्ग घेतला. नवे विधेयक न आणता १९७६ च्या कायद्याखालीच अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित केले. यांत्रिक आणि मोठ्या मोटार नौकांना ऑनलाइन प्रवेशपत्र घ्यावे लागते. पारंपरिक व लहान मच्छीमारांना त्यातून सूट आहे. एलईडी दिवे, जोडी ट्रॉलिंग आणि बुल ट्रॉलिंग (दोन नौकांनी मिळून एकच जाळे ओढणे) यांवर बंदी आहे, परदेशी नौकांना प्रवेश नाही, आणि सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. आशय पुष्कळ अंशी स्वागतार्ह आहे. पण नियम अमलात येण्यापूर्वी त्यांवर सभागृहात कलमवार चर्चा होत नाही. असे नियम दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवले जातात आणि त्या मुदतीत सदस्याला फेरफाराचा किंवा रद्द करण्याचा प्रस्ताव आणता येतो. तो दोन्ही सभागृहांनी मान्य करावा लागतो, त्यामुळे ही तरतूद क्वचितच फळते.

एरवी खासदारांच्या हाती प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, लोकसभेतील नियम ३७७ खालील निवेदन आणि अनुदान मागण्या एवढी साधने असतात. प्रश्न कसा मांडला यावर उत्तर ठरते. ‘कोकणात एलईडी मासेमारी का थांबत नाही?’ असे विचारले की मत्स्यव्यवसाय हा राज्याचा विषय असल्याचे ठरीव उत्तर येते. १२ मैलांबाहेर तटरक्षक दलाने वर्षभरात किती नौका तपासल्या, किती राज्यांकडे सोपवल्या, किती नौकांवर ट्रान्सपाँडर (स्थान कळवणारे यंत्र) बसवले, असे तोडून विचारले तर केंद्राच्या मत्स्यव्यवसाय मंत्रालयाला आकडे द्यावे लागतात. अनुदान मागण्या अनेकदा चर्चेविनाच एकत्र मंजूर होतात. म्हणून या मंत्रालयाच्या खर्चाची बारकाईने छाननी होते ती कृषी, पशुसंवर्धन व अन्नप्रक्रिया विषयक स्थायी समितीत. शिफारशींवर शासनाने काय केले याचे वेगळे अहवालही ही समिती सभागृहात मांडते.