मोसंबीचा मिमोसा

मोसंबीचा मिमोसा : आंबिया बहराच्या मोसंबीचा ताजा रस आणि थंड स्पार्कलिंग वाइन यांचे शरद ऋतूतील कॉकटेल. न्याहारीची वेळ उलटून गेली आहे आणि जेवणाला अवकाश आहे अशा वेळी, म्हणजे शहरांत आता ज्याला ब्रंच म्हणतात तेव्हा, ते प्यायले जाते. मूळ मिमोसात संत्र्याचा रस असतो. मोसंबी वापरायची तर नुसते फळ बदलून भागत नाही. मोसंबीत आंबटपणा कमी असतो आणि तिचा रस काढून ठेवला की कडवट होतो, त्यामुळे प्रमाण, क्रम आणि वेळ हे तिन्ही बदलावे लागतात.

मिमोसाचा उगम वादग्रस्त आहे. पॅरिसच्या रिट्झ हॉटेलातील बारमन फ्रँक मायर याने १९२५ च्या सुमारास तो तयार केला, असे सामान्यतः लिहिले जाते. मात्र १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या मायरच्या स्वतःच्या कृतिसंग्रहात मिमोसा असला, तरी स्वतःच्या निर्मितीपुढे तो जी खूण करतो ती त्यापुढे नाही. लंडनच्या बक्स क्लबमध्ये १९२१ मध्ये मॅकगॅरी या बारमनने ‘बक्स फिझ’ हे जवळपास तेच पेय दिले, असे दुसरे मत आहे. त्यात रसाच्या दुप्पट शॅंपेन असते, तर मिमोसात दोन्ही समसमान. संत्रारस आणि शॅंपेन इतकी साधी जोडी एकाच माणसाने शोधली असण्याचा संभव कमी वाटतो. नावे या दोन ठिकाणी रुजली, एवढेच म्हणणे सुरक्षित आहे. ब्रंचची कल्पना याहून जुनी असून १८९५ मध्ये गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने तिचा छापील पुरस्कार केला.

मोसंबीच्या वर्गीकरणातही एकमत नाही. जुन्या लेखनात तिला ‘सिट्रस लिमेटा’ म्हणजे गोड लिंबाच्या गटात घातलेले आढळते. महाराष्ट्रातील फळबागशास्त्रीय लेखन तिला ‘सिट्रस सायनेन्सिस’ या गोड संत्र्याच्या जातीतील वाण मानते, आणि फळाची बांधणी व रसाचे वागणे पाहता हेच मत ग्राह्य वाटते. पेय करणाऱ्याच्या दृष्टीने हा वाद केवळ पुस्तकी नाही, कारण रस उशिरा कडू होण्याचा दोष गोड संत्र्याच्या अनेक वाणांत आढळतो आणि त्यावरचे उपायही तेच आहेत. मराठवाड्यात जालना जिल्हा आणि पैठण-पाचोडचा पट्टा मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे. बदनापूर येथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१२-१३ च्या दुष्काळात या भागातील बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या होत्या.

फळाची निवड : आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये उतरतात. हंगामाच्या तोंडाची फळे घेऊ नयेत. कडवटपणा आणणारे द्रव्य कोवळ्या फळात जास्त असते आणि फळ पिकत जाईल तसे कमी होते. सालीच्या रंगावर विसंबू नये. मराठवाड्यात त्या काळात रात्री पुरेशा थंड नसल्याने पिकलेली मोसंबीही बरेचदा हिरवीच राहते. हातात जड लागणारे, पातळ व तुळतुळीत सालीचे फळ रसाळ निघते. १५० ते २०० ग्रॅमच्या एका फळातून साधारण ६० ते ८० मिलि. रस मिळतो, म्हणजे पेल्यामागे एक फळ धरावे.

रस : मोसंबीच्या फोडींच्या पापुद्र्यांत, बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात लिमोनीन या कडू द्रव्याचे पूर्वद्रव्य असते. ते स्वतः कडू नसते. फळ चिरडले की ते रसाच्या आम्लात मिसळते आणि काही तासांत त्याचे कडू लिमोनीन होते. उष्णतेने ही क्रिया वाढते. म्हणूनच काढल्याबरोबर गोड लागणारा रस दुपारपर्यंत तोंड वाईट करतो. साखर वाढवून हा कडवटपणा पुरता झाकत नाही. फळ आडवे कापून लिंबूपिळणीवर हलक्या हाताने पिळावे, शेवटचा थेंब काढण्याचा हट्ट धरू नये. मिक्सरमध्ये फोडी फिरवणे सर्वांत वाईट, कारण त्यात बिया आणि पापुद्रे दोन्ही फुटतात. फळे आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवावीत, म्हणजे रस थंडच निघतो. तो आधी गाळणीतून आणि मग मलमलीतून गाळून अर्ध्या तासाच्या आत वापरावा.

वाइन : बाटलीवर ‘ब्रूट’ असे लिहिलेली घ्यावी. त्यात लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. ‘एक्स्ट्रा ड्राय’ या नावाने फसगत होते, कारण त्यात १२ ते १७ ग्रॅम साखर असते आणि मोसंबीच्या गोडीबरोबर पेय मिळमिळीत लागते. महाराष्ट्रात स्पार्कलिंग वाइन १९८० च्या दशकात नारायणगावला होऊ लागली. आज ती प्रामुख्याने नाशिक भागातून येते.

प्रमाण व कृती : संत्र्याच्या मिमोसातील समसमान माप मोसंबीला चालत नाही, पेय सपक होते. एका पेल्याला वाइन ९० मिलि., मोसंबीचा रस ६० मिलि. आणि कागदी लिंबाचा रस ५ मिलि. हे माप योग्य. लिंबू चवीपुरते नाही, मोसंबीत जे आम्ल कमी पडते ते भरून काढण्यासाठी आहे. ७५० मिलि.च्या बाटलीत असे आठ पेले होतात. त्यांना आठ मोसंब्या आणि दोन-तीन लिंबे लागतात. १२ टक्के मद्यार्काची वाइन घेतल्यास तयार पेयात मद्यार्क सुमारे ७ टक्के उतरतो. रसामुळे मद्य चढल्याचे लवकर कळत नाही, हे यजमानाने ध्यानात ठेवावे.

बाटली किमान चार तास फ्रिजमध्ये, किंवा वीज नसल्यास बर्फ, पाणी आणि मूठभर जाड मीठ घातलेल्या बादलीत अर्धा तास बुडवून ६ ते ८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावी. एक वायुभार म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाखाली ० अंशाला पाणी आपल्या आकारमानाच्या सुमारे १.७ पट कार्बन डायऑक्साइड धरते, २० अंशाला जेमतेम ०.९ पट. ऑक्टोबरच्या उन्हात टेबलावर राहिलेल्या बाटलीतून बूच काढताच निम्मी वाइन फेसावाटे जाते, त्याचे कारण हेच. तार सैल करताना अंगठा बुचावरून हलू देऊ नये. बाटलीत सुमारे सहा वायुभारांचा दाब असतो आणि बूच डोळ्याला लागून गंभीर इजा होते. बाटली तिरपी धरून बूच घट्ट पकडावे आणि बाटली फिरवावी.

पेला अरुंद आणि उंच असावा. आधी तिरप्या पेल्यात वाइन ओतावी, मग कडेने लिंबू मिसळलेला रस सोडावा. रस वाइनपेक्षा जड असल्याने खाली जाताना आपोआप मिसळतो. क्रम उलटा केला तर रसातील गराच्या कणांवर एकदम बुडबुडे धरतात आणि फेस काठाबाहेर येतो. चमच्याने ढवळणे व पेल्यात बर्फ टाकणे या दोन्ही गोष्टींनी वायू निघून जातो. साबणाचा अंश राहिलेल्या पेल्यात फेस टिकत नाही.

मद्याविना रूप : वाइनऐवजी तितकाच थंड साधा सोडा घ्यावा. लिंबू कायम ठेवून १० मिलि. साखरेचा पाक घालावा, कारण सोड्यात गोडी नसते. हायरम कॉड याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या बाटलीतला गोटी सोडा अजूनही मिळतो आणि तो फोडल्याबरोबर वापरल्यास उत्तम. काळे मीठ घालायचे असेल तर ते आधी रसात पूर्ण विरघळवावे. मिठाचे कोरडे दाणे सोड्यात पडले की तो उसळतो आणि उरतो तो सपाट सरबतासारखा.

सोबतचे पदार्थ : लातूर-धाराशिव भागातली चुरमुऱ्यांची सुशीला, थालीपीठ, खारे शेंगदाणे. नान-खलिया या मटणाच्या रश्श्याच्या मसाल्यापुढे हे पेय टिकत नाही.

सीताफळाचा प्रकार : बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील सीताफळ याच दिवसांत येते, आणि पीचच्या गरावर बेतलेल्या बेलिनीच्या धर्तीवर ते वापरण्याचा मोह होतो. परिणाम क्वचितच चांगला येतो. गर दाट व रवाळ असल्याने फेस अनावर होतो, गर लवकर तपकिरी पडतो, आणि तो टिकवण्यासाठी तापवला तर कडवट होतो. करायचेच असेल तर बिया हाताने काढाव्यात, मिक्सरमध्ये फोडू नयेत, कारण बियांतील द्रव्ये विषारी आहेत. बारीक चाळणीतून घासून काढलेला गर ३० मिलि. आणि लिंबाचा रस १० मिलि. आधी एकजीव करून पेल्याच्या तळाशी घ्यावा व त्यावर १०० मिलि. वाइन तीन टप्प्यांत, प्रत्येक वेळी फेस बसू देऊन ओतावी.