नागरी वन्यजीव

माणसाने न पाळलेले, तरीही त्याच्या वस्तीत राहणारे व तेथेच वाढणारे प्राणी. घरचिमणी, घरउंदीर, कोल्हा आणि डास ही त्यांची परिचित उदाहरणे होत. यांपैकी माणसावाचून क्वचितच आढळणाऱ्यांना ‘मानवसहवासी’ म्हणतात.

हा सहवास केव्हा सुरू झाला, याविषयी मतभेद आहेत. चिमणीच्या जनुकसंचाच्या २०१८ मधील अभ्यासात कवटीच्या घडणीशी व पिष्टाच्या पचनाशी निगडित जनुकांवर नैसर्गिक निवडीच्या खुणा आढळल्या, आणि त्यांचा संबंध शेतीच्या उदयाशी जोडण्यात आला. मात्र पूर्व भूमध्य किनाऱ्यालगतच्या नातूफियन (शेतीपूर्व काळातील शिकारी-संकलक लोकांच्या) वस्त्यांतील उंदरांच्या दाढांवरून असे दिसते की, शेतीच्या बऱ्याच आधी, सुमारे १५,००० वर्षांपूर्वी, लोक एका जागी टिकून राहत तेव्हा घरउंदीर वाढत आणि लोकांची भटकंती वाढली की रानटी जातीची सरशी होई. त्यामुळे उंदरापुरते तरी, धान्याच्या पेरणीपेक्षा स्थिर बिऱ्हाड हे कारण अधिक सयुक्तिक वाटते.

असाच वाद ‘मोलेस्टस’ या डासाविषयी आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या भुयारी रेल्वेत आसरा घेतलेल्यांना तो चावत असे. त्यावरून तो तेथेच, शंभरेक वर्षांत उत्क्रांत झाला, असे सांगितले जाई. २०२५ च्या जनुकीय अभ्यासाने त्याचा उगम भूमध्य समुद्राभोवतीच्या उष्ण प्रदेशात, किमान हजार वर्षांपूर्वीचा ठरविला. वस्तुतः निसर्गशास्त्रज्ञ फोर्स्कालने केलेले या डासाचे वर्णन १७७५ मध्ये इजिप्तमधील नमुन्यांवरून प्रसिद्ध झाले होते, म्हणजे भुयारी रेल्वेच्या कितीतरी आधी.

वर्तनातील बदल मात्र अल्पकाळातही दिसतात. नेदरलँड्समधील लायडन येथील ग्रेट टिट पक्षी गोंगाटाच्या जागी गाण्यातील खालचे स्वर टाळतात, असे २००३ मध्ये नोंदविले गेले.

कलेच्या बाजूने छायाचित्रण महत्त्वाचे ठरले, कारण कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा) हे संशोधकाचेही साधन आहे. छायाचित्रकार स्टीव्ह विंटर यांनी अशा कॅमेऱ्याने टिपलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रात हॉलिवूडच्या उजळलेल्या अक्षरांखालून पी-२२ हा प्यूमा (अमेरिकेतील एक मोठा मार्जारवर्गीय प्राणी) चालला आहे आणि त्याच्या गळ्यातील संशोधनाचा पट्टा स्पष्ट दिसतो. दोन महामार्ग ओलांडून आल्याचे मानले जाणारा हा नर लॉस एंजेलिसमधील ग्रिफिथ पार्कमध्ये एकटाच राहिला. महामार्गावर प्राण्यांसाठी पूल बांधण्याच्या मागणीला या चित्राने बळ दिले. परंतु त्या मागणीचा आधार पट्टा लावलेल्या प्यूमांच्या नोंदी हाच होता. पुलाचे काम एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात, आजार व दुखापतींमुळे पी-२२ ला दयामरण देण्यात आले.