विसरण्याची टक्केवारी आली कुठून

शिकलेल्यातलं दोन-तृतीयांश माणूस दुसऱ्या दिवशीच विसरतो, हे वाक्य स्मरणशक्ती वाढवून देणाऱ्या ॲपच्या जाहिरातींत हमखास भेटतं. त्याचं मूळ 1885 सालच्या एका जर्मन पुस्तकात आहे. प्रयोग करणारा एकच आणि प्रयोग झाला तोही त्याच्यावरच. दोन व्यंजनांच्या मध्ये स्वर घालून त्याने सुमारे 2,300 निरर्थक अक्षरसमूह तयार केले, त्यांच्या 13-13च्या ओळी लावल्या आणि त्या ठेक्यात म्हणत बसला. ओळ दोनदा बिनचूक म्हणता आली की पाठ झाली. मग काही ओळी 20 मिनिटांनी, काही दुसऱ्या दिवशी, काही महिन्याने नव्याने पाठ करायच्या.

घोळ इथेच आहे. किती आठवलं हे त्याने मोजलंच नाही. मोजली ती 'बचत'. समजा, एक ओळ पाठ व्हायला पहिल्यांदा 100 सेकंद लागले आणि दुसऱ्या दिवशी 66, तर बचत 34 टक्के. त्याच्या तक्त्यात एका दिवसानंतरचा आकडा जवळपास हाच आहे, महिन्यानंतरचा 21. म्हणजे कोरा कागद समोर ठेवला तर कदाचित एक अक्षर आठवणार नाही, तरी पुन्हा घोकायला बसलं की वेळ वाचतो. जाहिरातवाल्यांनी 100तून 34 वजा केले आणि उरलेले 66 'विसरले' खात्यात टाकले. त्यात ती अक्षरं मुद्दाम अर्थ नसलेली. बोलता बोलता सुचलेल्या कल्पनेने बचतीच्या त्याच उतरत्या रेषेवरून का घसरावं? 2015मध्ये हाच खटाटोप पुन्हा झाला, तोही एकाच माणसावर, आणि रेषा बरीचशी तशीच निघाली. रेषेबद्दल तक्रार नाहीच.

रोजचा विसरभोळेपणा निराळा. 1959च्या एका प्रयोगात तीन व्यंजनं ऐकवून लगेच तीन-तीन वजा करत उलटे आकडे मोजायला लावले; 18 सेकंदांनी दहातली जेमतेम एक तिकडी आठवली. काळाने पुसलं, असा निष्कर्ष निघाला. तीनच वर्षांत दुसऱ्यांनी दाखवलं, की पहिल्या फेरीत जवळजवळ कुणीच विसरत नाही. आधीच्या फेऱ्यांतली अक्षरं पुढच्यांच्या पायात येतात. मला हे जास्त पटतं. दिवसभरात दहा गोष्टी मनात घेऊन फिरणाऱ्याची अकरावी निसटते ती बहुधा अशीच.

निसटू नये म्हणून लिहून ठेवावं, तर लिहिण्याने स्मरणशक्ती मंदावेल ही तक्रार सुमारे 2,400 वर्षं जुनी आहे, तिच्यात शिरायला नको. टिपणवह्यांना वर्णानुक्रमे सूची जोडायची पद्धत 17व्या शतकात छापून आली. विसाव्या शतकात एका जर्मन समाजशास्त्रज्ञाने 90,000च्या आसपास चिठ्ठ्या क्रमांकांनी एकमेकींना जोडून ठेवल्या. 1987मध्ये एका पोलिश विद्यार्थ्याने उजळणी कधी करायची हे संगणकाकडून काढून घेतलं. आजची बरीच फ्लॅशकार्ड ॲप त्याच वाटेने चालतात. पण त्यांना पाठ करायचा मजकूर आयता लागतो. अर्धवट सुचलेल्याला चिठ्ठीच बरी, आणि तीही शिळी होण्याआधी दोन ओळी जास्त लिहिलेली. माझ्या फोनमध्ये एक नोंद आहे: 'दोन्हीचं मूळ एकच!!!' तारीख आहे, वेळ रात्रीचे 11:40. दोन्ही म्हणजे कोणती दोन, तेवढं लिहायचं राहिलंय.