स्फटिक रेडिओ

स्फटिक रेडिओ : बॅटरी किंवा अन्य वीजपुरवठ्याशिवाय चालणारा साधा रेडिओग्राही. अँटेनात उतरणाऱ्या तरंगांची ऊर्जाच हेडफोन हलवते, त्यामुळे आवाज क्षीण असतो. वेटोळे, बदलता कॅपॅसिटर, डायोड व हेडफोन एवढ्या मोजक्या घटकांत ग्रहणाची सारी क्रिया दिसत असल्याने हौशी मंडळींत हे मंडल दीर्घकाळ प्रिय आहे.

यातील शोधकाचे (डिटेक्टरचे), म्हणजे तरंग ओळखणाऱ्या व आता डायोडने जागा घेतलेल्या स्फटिकाचे, श्रेय वादग्रस्त आहे. फेर्डिनांट ब्राउन यांनी १८७४ मध्ये काही धातूंच्या सल्फाइडांतून वीजप्रवाह एका दिशेने अधिक सहज वाहतो असे दाखवले. मात्र तेव्हा रेडिओचा प्रश्नच नव्हता. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना (शिशाचे सल्फाइड) वापरून विद्युतचुंबकीय तरंग ओळखणारे साधन तयार केले. त्याच्या अमेरिकी पेटंटासाठी ३० सप्टेंबर १९०१ रोजी अर्ज झाला व २९ मार्च १९०४ रोजी ते मिळाले (क्र. ७५५८४०). ग्रीनलीफ व्हिटिअर पिकार्ड यांचे सिलिकॉन शोधकाचे पेटंट १९०६ चे. हेन्री डनवुडी यांचे कार्बोरंडम शोधकाचे पेटंटही त्याच वर्षीचे. काही लेखक पिकार्ड यांनाच जनक मानतात. गृहोपयोगी संचापुरते ते पटण्यासारखे आहे. परंतु स्फटिकाने तरंग ओळखण्याच्या कल्पनेत बोस यांचा अग्रक्रम नाकारणे कठीण दिसते.

स्फटिकावर बारीक तारेचे टोक टेकवून संवेदनशील जागा शोधावी लागे आणि थोड्या धक्क्यानेही ती हरवे. एका दिशेने प्रवाह वाहण्याचा हा परिणाम तापविद्युतीय (उष्णतेतून वीज निर्माण होण्याचा) असावा, असेही काही काळ मानले जाई. धातू व अर्धसंवाहक यांच्या संपर्कातील रोधी (एका दिशेचा प्रवाह अडवणाऱ्या) थराचे समाधानकारक विवेचन १९३०–४० या दशकाच्या अखेरीस वॉल्टर शॉट्की व नेव्हिल मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी केले. पुढे तार-स्फटिकाच्या जोडीऐवजी जर्मेनियम डायोड रूढ झाला. साधा सिलिकॉन डायोड सुमारे ०.६ व्होल्टखाली फारसा वाहत नाही, तर जर्मेनियम ०.२–०.३ व्होल्टलाच वाहू लागतो. क्षीण संकेतासाठी हा फरक निर्णायक ठरतो.

वेटोळे व कॅपॅसिटर यांच्या अनुस्पंदनाने (रेझोनन्सने) हवे ते केंद्र निवडले जाते. २३० मायक्रोहेन्रीच्या वेटोळ्याला ३६५ पिकोफॅरड जोडल्यास सुमारे ५५० किलोहर्ट्‌झ लागतात. धारकता ४३ पिकोफॅरडपर्यंत उतरवली की १,६०० किलोहर्ट्‌झ, म्हणजे जवळजवळ सारा मध्यम लहरींचा पट्टा. डायोड संकेताचा एक अर्धा भाग कापतो व उरलेल्या चढउतारांतून ध्वनी मिळतो.

८ ओहमचा हेडफोन थेट जोडल्यास मंडलावर भार पडून आवाज व निवडक्षमता दोन्ही खालावतात. त्यासाठी सुमारे २,००० ओहमचा हेडफोन किंवा स्फटिक-इअरफोन (दाबविद्युत स्फटिकावर चालणारा) लागतो. स्फटिक-इअरफोनमधून एकदिश प्रवाह वाहत नसल्याने त्याला समांतर ४७ किलोओहम ते १०० किलोओहमचा रोधक जोडावा. नवशिक्यांच्या संचात हाच बहुधा राहून जातो. डायोड वेटोळ्याच्या टोकाऐवजी मधल्या फाट्यावर (टॅपवर) जोडल्यास शेजारची केंद्रे अधिक स्पष्ट वेगळी होतात. लांब अँटेना व चांगले अर्थिंग आवश्यक आहे. वादळात मात्र बाहेरची तार वापरू नये.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी दाढीचे पाते व पेन्सिलीचे शिसे वापरून असे संच जुळवले होते.