चौकातल्या दिव्याचं गणित आणि कोल्हापूर

स्वयंचलित वाहतूक म्हटलं की बिनचालकाची गाडी डोळ्यांपुढे येते. पण शहरात माणसाच्या जागी यंत्र बसलं ते चौकात, खांबावर. लंडनच्या संसदेजवळ डिसेंबर १८६८ मध्ये लागलेला गॅसचा सिग्नल पोलीस हाताने फिरवत असे. महिन्याभरातच त्याचा स्फोट झाला. १९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला विजेचे दिवे आले.

दिवा हिरवा ठेवायचा तो किती सेकंद? या प्रश्नाला पक्कं सूत्र मिळालं १९५८ मध्ये, ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांच्याकडून. सूत्र आधी चक्र काढतं, म्हणजे सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा मिळायला लागणारे एकूण सेकंद; मग ते बाजूंमध्ये वाटायचे. एका चक्रात दिवा बदलताना वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करायची, त्यात ५ मिळवायचे आणि '१ वजा चौकावरचा भार' याने भागायचं. भार म्हणजे येणारी वाहनं भागिले रस्ता सोडू शकेल इतकी वाहनं. प्रत्येक फेजमधल्या, म्हणजे एका वेळी हिरवा मिळणाऱ्या बाजूंमधल्या, सर्वांत गजबजलेल्या बाजूचा आकडा घेऊन त्यांची बेरीज. चार फेज, प्रत्येकी ४ सेकंद वाया, भार ०.७५ धरला तर चक्र ११६ सेकंदांचं येतं. भार ०.८५ झाला की तेच १९३ सेकंदांवर जातं. इतका वेळ कोणी थांबत नाही, म्हणून चक्र साधारण १२० सेकंदांच्या आसपास रोखतात आणि उरलेली रांग पुढच्या चक्रात ढकलली जाते.

रस्ता किती वाहनं सोडेल, हे वेबस्टर रुंदीवरून काढतात: दर मीटरला तासाला ५२५ मोटारी. चौकाशी १० मीटर रुंद असलेल्या रस्त्याच्या तोंडाला ५,२५०. तिथेच वडापच्या (शेअर प्रवासी) गाड्या आणि रिक्षा उभ्या राहून ३ मीटर अडले की ३,६७५. दिव्याचे सेकंद कितीही बदला, ही तूट भरून निघत नाही. आमच्या मते कोल्हापुरातलं पहिलं काम चौकाचं तोंड मोकळं करण्याचं आहे, यंत्र त्यानंतर.

दुसरी अडचण मोजणीची: कोणतं वाहन किती मोटारींइतकं धरायचं? इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत मोटार १ धरली, तर दुचाकी ०.५ ते ०.७५ आणि ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५. हे आकडे चालत्या रस्त्याचे आहेत. लाल दिव्याला दुचाकी फटीफटीतून पुढे येतात आणि हिरवा लागताच घोळक्याने सुटतात. तिथे त्यांचा आकडा बराच कमी धरावा लागतो. उसाने भरलेली ट्रॉली मात्र जागेवरून हलायलाच वेळ घेते, आणि तिच्यामागची सगळी रांग त्या फेजचे सेकंद गमावते.

१९७० च्या दशकात सिडनीत स्कॅट्स आणि ब्रिटनमध्ये स्कूट या स्वयंचलित सिग्नल-यंत्रणा आल्या: रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून वाहन गेलं की यंत्राला कळतं आणि हिरवा वेळ आपोआप बदलतो. वेटोळ्यावर मोटार सहज ओळखली जाते, कडेने गेलेली दुचाकी निसटते. पाइपलाइनसाठी रस्ता खणला आणि तार तुटली की बहुधा त्या बाजूला सतत मागणी आहे असं धरलं जातं. रिकाम्या रस्त्याला पूर्ण हिरवा मिळतो. कॅमेऱ्याला खोदाईची भीती नाही, पण केएमटीच्या (कोल्हापूर महापालिकेच्या) बसमागे दडलेल्या पाच-सहा दुचाकी त्याला दिसत नाहीत.

म्हणून सेन्सर बसवण्याआधी हाताने मोजणी हवी: ऊस हंगामात एकदा, हंगामाबाहेर एकदा आणि अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते त्या शनिवार-रविवारी वेगळी. प्रत्येक बाजूची, १५-१५ मिनिटांच्या टप्प्यांनी, वळणारी वाहनं वेगळी धरून. बसमधली माणसंही मोजावीत, कारण ४० जणांची बस आणि एकट्याची मोटार सूत्रात फक्त जागेपुरती वेगळी ठरते.