‘कसं चाललंय?’ या प्रश्नाचं शास्त्र

१३ मार्च १९९५ च्या सकाळी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत डॉ. मदन कटारिया आणि त्यांच्यासोबतचे चार जण हसायला जमले. सुरुवातीला ते एकमेकांना विनोद सांगत. काही दिवसांत विनोद संपले, काही लोकांना खटकू लागले, आणि मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं. आधी ओढूनताणून हसायचं, पुढे ते आपोआप येतं. पाच जणांचा तो हास्य क्लब आज जगभर पोचला आहे. मुंबईत पहाटे फिरायला जाणाऱ्यांना, हात वर करून हसणारे आजी-आजोबा ओळखीचे आहेत.

चेहरा हसला की मनही हसतं का, हा प्रश्न मानसशास्त्रातही जुनाच. १९८८ मध्ये जर्मनीतल्या फ्रिट्झ स्ट्रॅक यांनी लोकांना दातांत पेन धरायला लावलं. त्यामुळे चेहरा नकळत हसरा होतो. अशा लोकांना व्यंगचित्रं जास्त गमतीदार वाटली. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा मात्र परिणाम दिसला नाही. मग १९ देशांतल्या संशोधकांनी एकत्र येऊन आणखी मोठा अभ्यास केला. २०२२ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: मुद्दाम हसलं तर मन थोडं हलकं होतं, पण थोडंच, पेनाच्या युक्तीची मात्र खात्री देता येत नाही. सुखाच्या संशोधनात हे वारंवार घडलं आहे. मोठा दावा येतो, त्याचा बोलबाला होतो, आणि तपासणीनंतर त्यातलं थोडंसं पण खरं असं काहीतरी हाती लागतं.

सुखाचा अभ्यास करणाऱ्या या शाखेचा जन्म बहुतेक ठिकाणी १९९८ चा सांगतात. त्या वर्षी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते मार्टिन सेलिगमन. त्यांची ख्याती झाली होती ती अगदी उलट्या विषयावर. १९६७ मध्ये स्टीव्हन मायर यांच्यासोबत त्यांनी दाखवून दिलं होतं की, ज्यातून सुटताच येत नाही असे विजेचे झटके बसलेले कुत्रे पुढे सुटका शक्य असतानाही धडपडत नाहीत. असहायताही शिकली जाते. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी आपल्याच क्षेत्राला सवाल केला: दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांच्या उपचारांसाठी पैसा आला आणि मानसशास्त्र आजाराच्याच मागे लागलं, मग चांगलं जगणाऱ्या माणसाचा अभ्यास कोण करणार? २००० च्या जानेवारीत त्यांनी मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्यासोबत या विषयावरचा विशेषांक काढला आणि ‘सकारात्मक मानसशास्त्र’ हे नाव रूढ झालं. हे शब्द अब्राहम मॅस्लो यांनी १९५४ मध्येच वापरले होते.

मला मात्र या इतिहासाची सुरुवात आणखी मागे, व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावात शोधावीशी वाटते. तिथे सगळं गाव एका कापड गिरणीवर जगत होतं. जागतिक मंदीत ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण संशोधक तिथे पोचले आणि १९३३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांकडे आता वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. रस्त्यावर माणसं किती वेगाने चालतात हेसुद्धा या मंडळींनी मोजलं. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालत होते. अनेकांनी घड्याळ वापरणंच सोडलं होतं.

हे वाचताना लालबाग-परळ आठवल्याशिवाय राहत नाही. गिरणगावाचा दिवस भोंग्यावर चालायचा. पाळी कधी सुटणार, डबा कधी भरायचा, मूल शाळेला कधी निघणार, सगळं भोंगा ठरवायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. घरात पगार येईना हे नुकसान तर मोजता येतं. याहोडा यांनी पुढे जे मांडलं ते त्यापलीकडचं आहे: काम माणसाला दिवसाची घडी देतं, घराबाहेरची माणसं देतं, चारचौघांत नाव देतं, आणि आपण कशात तरी सामील आहोत ही जाणीव देतं. काम गेलं की हे सगळं एकदम जातं. याच याहोडा यांनी १९५८ मध्ये ‘निरोगी मन म्हणजे फक्त आजार नसणं नव्हे’ ही मांडणी अमेरिकेत सविस्तर केली. म्हणजे चांगल्या जगण्याच्या अभ्यासाचं एक मूळ बंद गिरणीच्या दारात आहे. ‘विचार बदला, सुखी व्हा’ म्हणणाऱ्या व्याख्यानांत हे कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मोजमापाचा मार्ग वेगळा निघाला. हॅडली कँट्रिल यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांपुढे एक शिडी ठेवली: तळाशी शून्य म्हणजे तुमच्या दृष्टीने सगळ्यात वाईट आयुष्य, वर दहा म्हणजे सगळ्यात चांगलं, तुम्ही कुठल्या पायरीवर? भारतातल्या लोकांनाही तेव्हा हे विचारलं गेलं होतं. २०१२ पासून निघणारा जागतिक आनंद अहवाल देशांची क्रमवारी लावतो ती याच शिडीवर. एड डीनर यांनी १९८५ मध्ये आयुष्याबद्दलचं समाधान मोजणारी पाच विधानांची प्रश्नावली दिली, तीही जगभर गेली. कॅरोल रिफ यांना हे अपुरं वाटलं. नुसतं समाधान मोजून भागत नाही, स्वतःचा स्वीकार, जिव्हाळ्याची नाती, स्वायत्तता, परिस्थिती हाताळण्याची ताकद, जगण्याला हेतू आणि वाढ हेही मोजा, असं त्यांनी १९८९ मध्ये मांडलं.

आपल्या भाषेत हा प्रश्न विचारतानाच अडखळायला होतं. खाऊन-पिऊन सुखी असलेला माणूस आनंदी असेलच असं नाही, आणि समाधानी माणसाकडे सुख म्हणावं असं काही नसू शकतं. दादरच्या फलाटावर कुणाला ‘कसं चाललंय?’ विचारलं तर ‘चाललंय’ एवढंच उत्तर येतं. ते शिडीच्या कुठल्या पायरीवर बसवायचं? रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी २००१ मध्ये कोलकात्यातल्या ८३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत झोपडपट्टीतले, फूटपाथवरचे आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया होत्या. एकूण आयुष्याला त्यांनी मध्याच्या किंचित खाली गुण दिले, पण आपल्या नात्यांबद्दल विचारल्यावर ते समाधानी निघाले. गरिबी सोसवते असा याचा अर्थ काढणं अन्यायाचं होईल. एकाच आकड्यात आयुष्य मावत नाही, एवढं मात्र यातून नक्की दिसतं.

पैसा आला तर? १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले २२ लॉटरी विजेते आणि अपघातात शरीर लुळं पडलेले २९ जण यांची तुलना केली. पाचपैकी आजच्या सुखाला विजेत्यांनी सरासरी ४ गुण दिले, त्यांच्या शेजारपाजारच्या साध्या लोकांनी ३.८२. एवढ्यावरून ‘माणूस सगळ्याला सरावतो’ हे जगभर पसरलं. अपघातग्रस्तांचे गुण २.९६ होते, हे सांगायला बहुतेक जण विसरतात. शिवाय लॉटरी लागण्याआधी ही माणसं कशी होती, हे कुणी विचारून ठेवलेलंच नव्हतं.

ते काम जर्मनीत झालं. तिथे त्याच कुटुंबांना दरवर्षी तेच प्रश्न विचारले जातात. रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी १५ वर्षांच्या या नोंदी तपासल्या. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की, नोकरी गेलेल्या माणसाचं समाधान खाली जातं आणि पुन्हा नोकरी लागल्यावरही पूर्वीच्या जागी परतत नाही. याहोडा यांना गावात चालून जे दिसलं, ते सत्तर वर्षांनी आकड्यांत उतरलं.

त्याच वर्षी डॅनियल काहनेमन यांनी टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना कालचा दिवस तुकड्यातुकड्याने आठवायला लावला. कामावर जाण्या-येण्याचा वेळ अगदी तळाशी गेला, माणसांत घालवलेला वेळ वरच्या बाजूला. आपल्या लोकलमध्ये हे दोन्ही एकाच डब्यात असतं: चौथ्या सीटवर अर्धवट टेकून केलेला विरारचा प्रवास, आणि तिथेच रंगणारं भजन, लेडीज डब्यातलं हळदीकुंकू.

आता वरळीच्या बीडीडी चाळींकडे पाहा. शंभर वर्षांपूर्वीच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून कुटुंबं ५०० चौरस फुटांच्या घरात जात आहेत. पहिल्या चाव्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये मिळाल्या. सामायिक संडास सुटला, म्हाताऱ्यांना रात्री गॅलरीतून चालत जावं लागत नाही, मुलीला अभ्यासाला दार लावता येतं. हे सुख खरं आहे. गॅलरीतली ये-जा, उघडी दारं, शेजारच्या घरी वाढलेली पोरं, यांचं काय होईल हेही तितकंच खरं विचारण्यासारखं आहे. १९३८ पासून बॉस्टनमध्ये चाललेल्या हार्वर्डच्या अभ्यासात उतारवयातल्या प्रकृतीशी नात्यांची ऊब सातत्याने जोडलेली आढळली आहे. तो अभ्यास हे सांगू शकतो, कारण तरुणपणीच त्या माणसांची नोंद करून ठेवली होती. बीडीडीतली सगळी कुटुंबं अजून हललेली नाहीत. चावी हातात पडण्याआधी कुणीतरी त्यांच्या दारात बसून, त्यांच्याच शब्दांत, ‘कसं चाललंय?’ हे विचारून लिहून ठेवायला हवं.